निशीथदांची सही

सही केल्यावर शाई वाळेपर्यंत निशीथदा कुणाशी बोलत नसत. आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवत. मग फाईल पहिल्या पानापासून, ओठ हलवत, पुन्हा वाचत. सकाळीच वाचलेली असली तरी. मग निळ्या शाईच्या पेनाने सही, पेनाला टोपण, आणि दोन्ही हात मांडीवर. टीपकागद त्यांनी कधी वापरला नाही. त्या अर्ध्या मिनिटात समोर कुणीही उभं असो, फोन वाजत असो, ते फक्त सहीकडे बघत बसत. मी कलकत्त्याच्या मुख्य कार्यालयात रुजू व्हायला गेले तेव्हा माझं पत्र हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी होते आणि मला वाटलं, यांना ऐकू येत नाही. मी दुसऱ्यांदा "नमस्कार" म्हटलं. शाई वाळली. त्यांनी मान वर केली, पत्रावरचं आडनाव वाचलं आणि म्हणाले, "कुलकर्णी. म्हणजे बर्गी आली."

बर्गी म्हणजे कधीकाळी बंगालवर चालून गेलेले मराठे घोडेस्वार. त्यांना अडवायला शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, तो बागबाजारापासून सुरू व्हायचा, आणि निशीथदांचं घर बागबाजारात. "आमच्या लोकांनी तुमच्यासाठी एवढा खड्डा खणला," ते म्हणायचे, "तुम्ही आलाच नाहीत. आता येता, पण बदलीने. प्रवासभत्ता घेऊन." चार लोकांत ते मला "मॅडम" म्हणत, कारण हुद्द्याने मी त्यांच्या वर होते: मी सहायक व्यवस्थापक, ते सामान्य प्रशासन विभागाचे वरिष्ठ अधीक्षक. आम्ही दोघंच असलो की मी बर्गी. आमचं बोलणं हिंदी-बंगालीच्या सरमिसळीत चाले. इथे ते मी मराठीत लिहिते आहे, त्यामुळे त्यातली अर्धी गंमत गेली आहे, हे मला कळतं.

आमची कंपनी सार्वजनिक क्षेत्रातली, फार मोठी आणि फार जुनी. कलकत्त्याच्या डलहौसी चौकातल्या पाच मजली इमारतीत माणूस कुठल्या मजल्यावर बसतो यावरून त्याला खुर्चीला टॉवेल मिळतो की नाही ते ठरे. आम्ही चौथ्या मजल्यावर, संचालक पाचव्या. चौथ्यावरून पाचव्यावर कागद जायला कधी कधी तीन आठवडे लागत. निशीथदांना त्यात काही वावगं वाटत नसे. "कागद जिना चढतो," ते म्हणत. "त्याला दम लागतो. माणसाला लागतो, कागदाला का लागू नये?"

मला टिपण लिहायला त्यांनी शिकवलं. मी मराठी घेऊन एम.ए. केलेली, वाचनाचं वेड असलेली. माझं पहिलं टिपण दीड पानांचं होतं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "फार सुंदर आहे. घरी ने, नवऱ्याला वाचून दाखव." मग खुर्ची ओढून शेजारी बसवलं. "फाईलमध्ये 'मला वाटतं' नसतं, बर्गी. काय घडलं, कधी घडलं, नियम काय, मागच्या वेळी काय केलं, आता काय करावं. पाच ओळी. सहावी ओळ लिहावीशी वाटली तर पाणी पिऊन ये." मी त्या वर्षी फार पाणी प्यायले.

पण त्यांची खरी निष्ठा सहीवर होती. एकदा एका महाप्रबंधकांनी त्यांना खोलीत बोलावलं. जुन्या फाईलवरचा स्वतःचा अभिप्राय त्यांना आता अडचणीचा झाला होता. ते पान काढून दुसरं लावावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. निशीथदांनी नकार दिला. मी तिथेच होते. ते म्हणाले, "सर, मत बदललं असेल तर खाली नवं टिपण लिहा, तारीख घाला, पुन्हा सही करा. पण मागचा माणूस पुसायचा नाही. तोही तुम्हीच होता." ते साहेब पुढे आठ महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत निशीथदांचं नाव नव्हतं. मी हळहळले तेव्हा म्हणाले, "टॉवेल नाही मिळाला, एवढंच. पाठ पुसायला घरी आहे."

त्या घरी मी पुष्कळ रविवार घालवले. माझा नवरा बँकेत, त्याची बदली माझ्या आधी कलकत्त्याला झालेली, आम्ही बालीगंजला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. शेजाऱ्यांशी ओळख नव्हती, भाषा नव्हती. मंजू बौदी, म्हणजे निशीथदांची बायको, यांनी मला भाषा शिकवली, तीही स्वयंपाकघरात, भाजीच्या नावांपासून. मी एकदा त्यांच्या तव्यावर थालीपीठ लावलं. मधे भोक पाडलेलं पाहून त्या म्हणाल्या, "हे कशाला? यात काय काटे आहेत, काढून टाकायला?" आणि मग प्रत्येक वेळी मी गेले की, "आज भोकाची रोटी करणार का?" निशीथदा बाहेरच्या खोलीतून ओरडत, "बर्गीला स्वयंपाकघरात घेतलंस! भांडी मोज!" माझी आई गेली त्या वर्षी मी तेरा दिवसांनी परत आले, तर बौदींनी काही न विचारता माझ्या केसांना तेल लावलं. परक्या शहरात माझं असं एकच घर होतं.

मग कंपनीला नवे अध्यक्ष मिळाले आणि त्यांनी 'आंगन' आणलं. हे कंपनीपुरतं समाजमाध्यम होतं. प्रत्येकाच्या फोनवर, शिपायापासून अध्यक्षांपर्यंत कुणीही लिहावं, कुणीही उत्तर द्यावं, आवडलं तर अंगठा द्यावा. शिकवायला एक चटपटीत तरुणी आली होती. ती म्हणाली, "इथे कुणी सर नाही, कुणी मॅडम नाही. सगळे एका अंगणात." प्रश्न विचारायला सांगितल्यावर निशीथदांनी हात वर केला. "सर नसेल तर कागद पुढे मार्क कुणाला करायचा?" तिला प्रश्नच कळला नाही. बाकी सगळं सभागृह मात्र गंभीरपणे उत्तराची वाट बघत होतं.

पहिले काही महिने फार मजेचे होते. अध्यक्षांनी सकाळी सूर्योदयाचा फोटो टाकला तर खाली लोक लिहीत, "अवलोकन केले." कुणी, "आदेशानुसार नोंद घेतली." लेखा विभागातल्या एका कारकुनाने त्या सूर्योदयाला सर्वांत आधी अंगठा दिला, महाप्रबंधकांच्याही आधी, तर त्याच्या विभागप्रमुखाने त्याला बोलावून विचारलं, "तुला एवढी कसली घाई होती?" तेव्हापासून नियमच पडला. कुणी लिहून काढला नव्हता, पण पाच मजल्यांवर सगळ्यांना पाठ होता. आधी संचालक, मग महाप्रबंधक, मग उप, मग आम्ही. आमच्या हॉलमध्ये निशीथदा फोन लांब धरून, चष्म्यावरून बघत जाहीर करत, "जीएम झाले. डीजीएम दोघे झाले, एक रजेवर आहेत. चला, आता आपण." आणि चाळीस माणसं एकदम फोन काढत. मला हसू आवरत नसे. अध्यक्ष मात्र भाषणांतून सांगत की जिना मोडला, आता सगळे एका पातळीवर आहेत. त्यांच्या फोनवर तसंच दिसत असणार. त्यांना नुसता आकडा दिसायचा. तो कुठल्या क्रमाने वाढला, हे कुणी बघत नसावं.

आमच्या इमारतीच्या लिफ्टला लोखंडी सरकती जाळी होती. ती मधेच अडके आणि मग झटक्याने मिटे. लिफ्ट चालवणारा हाराधन. बावीस वर्षं त्याच स्टुलावर. त्याने तोंडी तक्रार केली, आम्ही टिपण केलं: जाळी धोकादायक आहे, बदलावी. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही टिपणांवर आधी निशीथदांची सही, खाली माझी. तिन्ही वेळा संचालकांकडून फाईल परत आली, शेरा एकच: "चर्चा करावी." चर्चा झाली नाही.

मग एका सोमवारी सकाळी जाळी हाराधनच्या उजव्या हातावर मिटली. दोन बोटं गेली. तिसऱ्या दिवशी लिफ्टची फाईल पाचव्या मजल्यावर मागवली गेली आणि परत आली नाही. विचारलं की उत्तर यायचं, शोध चालू आहे. दरम्यान चौकशी बसली आणि कुजबूज सुरू झाली की हाराधनने जाळी नीट धरली नव्हती, लक्ष नव्हतं, निष्काळजीपणा. निष्काळजीपणा ठरला तर नोकरी जाणार होती. तो पट्टी बांधलेला हात छातीशी धरून चौथ्या मजल्यावर आला. लिफ्ट बंद, त्यामुळे जिन्याने. म्हणाला, "दीदी, हात गेला तो गेला. पण माझी चूक होती असं लिहू नका. बावीस वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये कुणाला खरचटलं नाही."

त्या संध्याकाळी मी आणि निशीथदा जिन्याने उतरत होतो. दुसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबले.

"फाईल येणार नाही, बर्गी."

"मग काय करायचं?"

"तू आंगनवर लिही. अध्यक्ष रोज म्हणतात ना, बोला, बोला. पाच ओळी. तीन टिपणं गेली होती, तीन वेळा परत आली. एवढंच."

"मी एकटीने?"

"एकटीने कशी? सही दोघांची होती. तुझ्याखाली पहिलं नाव माझं."

मी म्हटलं, "तिथे सही नसते निशीथदा, अंगठा असतो."

"ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा कोर्टात चालतो. माझा का नाही चालणार?"

मंगळवारी सकाळी अकराला मी लिहिलं. पाच ओळी. निशीथदांनी घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं, फोन समोर धरला, ओठ हलवत वाचलं, आणि अंगठा दिला. वर कुणी दिला नसताना. आमच्या इमारतीत असं आधी कधी झालं नव्हतं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. निशीथ भौमिक वाचल्याशिवाय कशालाही हात लावत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पाच मिनिटांत दुसरा अंगठा आला, मग तिसरा. चार वाजेपर्यंत त्रेचाळीस झाले. कुणीतरी समोसे मागवले. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की आज पहिल्यांदा मला वाटलं, हे यंत्र कामाचं आहे.

बुधवारी सकाळी दहाला माझ्या लिखाणाखाली संचालकांचा अभिप्राय आला. चौकशी चालू असताना असा विषय योग्य मार्गाने न मांडता उघड्यावर मांडल्याची गंभीर दखल घेतली आहे. ज्यांनी पाठिंबा दर्शवला आहे त्यांनी लेखी खुलासा करावा. मी फोन हातात धरून बसले होते. त्रेचाळीसचे बेचाळीस झाले. मी नावांची यादी उघडली. सगळ्यांत वरचं नाव नव्हतं.

मी मान वर केली. ते चार टेबलं पलीकडे बसले होते. फोन हातात, मान खाली. मी बघत राहिले. ते बघतील असं वाटत होतं. त्यांनी फोन खणात ठेवला, खण लावला आणि समोरची फाईल ओढली. मग इतरांनी हात मागे घ्यायला सुरुवात केली. चाळीस, एकतीस, अठरा. कागदावर कुणी सही खोडली तर खोडलेली दिसते. इथे कागद फाटत नाही, डाग राहत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याखाली एकच अंगठा उरला, ओडिशातल्या कुठल्याशा डेपोमधल्या एका भांडारपालाचा. मी त्याला ओळखत नव्हते. महिन्याभराने मी त्याला मुद्दाम फोन करून आभार मानले. तो गडबडला. म्हणाला, "मॅडम, मी त्या दिवसानंतर उघडलंच नाही. पासवर्ड विसरलोय."

चौकशी समितीसमोर निशीथदांना बोलावलं तेव्हा मी आत होते, साक्षीदारांच्या खुर्चीवर. हाराधन दाराशी उभा. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही या लिखाणाला पाठिंबा दिला होता?"

"चुकून बोट लागलं, सर," निशीथदा म्हणाले. "वय झालं. हे नवे फोन फार नाजूक."

"लिफ्टबद्दल आधी टिपणं गेली होती का?"

"फाईल समोर नसताना मी तोंडी काही सांगत नाही, सर. नोकरीभराची सवय आहे."

हाराधनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. मी सांगितलं, टिपणं गेली होती, माझी सही आहे. समितीने विचारलं, फाईल कुठे आहे? मी म्हटलं, तुमच्याकडे. त्यांनी लिहून घेतलं: साक्षीदाराकडे पुरावा नाही.

हाराधनला निष्काळजीपणाच्या ठपक्याने काढलं. माझी ओडिशाला बदली झाली. बदलीच्या आदेशाचा मसुदा निशीथदांनीच केला, कारण असले मसुदे तेच करत. आणि तो घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. "वाच. एकही शब्द तुला लागणार नाही असा लिहिलाय." खरंच, फार सभ्य आदेश होता. प्रशासकीय निकड, अनुभवाचा लाभ, असं सगळं. त्यांना त्याचा अभिमान होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हटलं, "निशीथदा, का?" त्यांनी कागद सरळ केला. "इथे स्वल्पविराम हवा का?" त्यांनी विचारलं.

कारणं मला माहीत आहेत. निवृत्तीला चौदा महिने होते. मुलाचं शिक्षण चालू होतं. लोकांनी तेव्हाही सांगितलं, घरचं बघायला लागतं, त्यांच्या जागी तू काय केलं असतंस. मला ते सगळं पटतं. मी असंख्य माणसांकडून एवढ्याचीही अपेक्षा केली नसती. महाप्रबंधकांना पान बदलू न देणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून तर मी लिहिलं. मला अजून कळत नाही, की तो माणूस खरा होता आणि बुधवारचा खोटा, की कागद होता तोवर ते धैर्य कागदाचं होतं. फाईलवर त्यांना एकटं उभं राहावं लागे, पण ते बंद पुठ्ठ्यात, चार माणसांसमोर. आंगनात सगळी कंपनी बघत होती, आणि मागे यायला नुसतं एक बोट पुरत होतं.

तीन वर्षांनी मी कलकत्त्याला परत आले. निशीथदा निवृत्त झाले होते. मी त्यांना भेटणार नव्हते. पण बौदींनी कुठून तरी नंबर मिळवला. "आलीस आणि कळवलं नाहीस? भोकाची रोटी कुणी करायची?" त्यांना काही माहीत नव्हतं. आणि मी गेले. पुन्हा रविवारी जाऊ लागले. लोक म्हणतील कशाला. मला त्या स्वयंपाकघराची आठवण येत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांचीही. निशीथदा थकले होते. दुपारी वर्तमानपत्रातल्या चुका पेन्सिलीने सुधारत बसत. आम्ही सगळ्या विषयांवर बोललो, एक सोडून. एकदा फक्त, बौदी पूजेला आत गेल्या असताना, ते म्हणाले, "बर्गी, त्या लिफ्टचं..." मी थांबले. मी त्यांना एवढा वेळ दिला की रस्त्यावरून एक ट्राम जाऊन आवाज विरला. ते म्हणाले, "चहा निवतोय तुझा."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. हृदयविकाराने, दुपारच्या झोपेत. मी दोन दिवस त्या घरी होते. बौदींना जेवायला घातलं, आलेल्यांना चहा केला. मी रडले, आणि रडताना मला माझाच राग आला.

तिसऱ्या दिवशी कार्मिक विभागातून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, आंगनवर भौमिक सरांना श्रद्धांजली टाकायची आहे. सगळे म्हणतात तुम्ही त्यांची पट्टशिष्या. दोनशे शब्द, एक फोटो." मी हो म्हटलं. आंगन आता बदललं आहे. नवी मुलं हुद्दा बघत नाहीत, वाढदिवसाचे केक आणि नाचाचे व्हिडिओ टाकतात, कुणाच्याही आधी कुणालाही अंगठा देतात. गंभीर काही मात्र तिथे कुणी लिहीत नाही.

लिहिण्याआधी मी सियालदहला गेले. हाराधन तिथल्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याकडे काम करतो. पोत्यांवर डाव्या हाताने रंगाच्या खुणा करतो. मी सांगितलं, निशीथदा गेले. त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात जोडले. तीन बोटं एका बाजूला, पाच दुसऱ्या.

"भालो मानुष छिलेन," तो म्हणाला. चांगला माणूस होता.

मग म्हणाला, "दरवर्षी दुर्गापूजेत माझ्या मुलीला फ्रॉक द्यायचे. नंतर नाही दिला. नंतर मला रस्त्यात बघितलं की पलीकडे जायचे." आणि मला विचारलं, "तुम्ही लिहिणार ना त्यांच्यावर? ऑफिसात लिहितात ना, कुणी गेलं की."

"लिहिणार आहे."

"माझंही एक वाक्य घालाल? मुलगी आता मोठी झाली. मला विचारते, बाबा, तुमची चूक होती का? मी नाही म्हणतो. ती म्हणते, मग काढलं कशाला."

मी तीन परिच्छेद लिहिले. पहिल्यात त्यांनी मला टिपण लिहायला कसं शिकवलं ते. दुसऱ्यात महाप्रबंधकांचा प्रसंग, नाव न घेता. तिसऱ्यात लिहिलं: लिफ्टची जाळी बदलण्याबद्दल तीन टिपणं गेली होती. तिन्हींवर निशीथदांची आणि माझी सही होती. चौकशीत त्यांनी ते सांगितलं नाही. हाराधनची चूक नव्हती. कार्मिक विभागातल्या मुलीने वाचलं नसावं, फोटो लावून तसंच चढवलं. मी त्या मजकुराचा फोटो काढून हाराधनच्या मुलीला पाठवला. पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बौदींचा फोन आला.

"तू लिहिलंस ते ऑफिसातून कुणीतरी पाठवलं, मुलाने वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "शेवटी तो थांबला. मी म्हटलं, पुढे वाच."

"बौदी, मी..."

"खरं आहे का ते? एवढंच सांग."

"खरं आहे."

पलीकडे, मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"मुलगा म्हणतो, तिला काढून टाकायला सांग. तू सांगितलंस तर ती काढेल म्हणतो. काढशील?"

मी काढलं असतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी त्याच क्षणी काढलं असतं, आणि हाराधनच्या मुलीला काय सांगायचं ते नंतर पाहिलं असतं. हे मला तेव्हा, फोन कानाशी धरून, स्पष्ट कळलं.

"नको काढू," बौदी म्हणाल्या. "त्या माणसाचा हात गेलाय. खरं आहे तर राहू दे."

"हो, बौदी."

"रविवारी श्राद्ध आहे. तू येऊ नकोस."

मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नव्हता. श्वास ऐकू येत होता.

"नंतरही नको," त्या म्हणाल्या.